शकूरभाईंच्या फळीवरची शिट्टी

मेहकर तालुक्यात कुणाचा कॅसिओ बंद पडला तर तो घेऊन माणसं शकूरभाईंच्या ओट्यावर येऊन बसतात. पट्ट्यांचं ते वाद्य कोणत्याही कंपनीचं असो, आमच्याकडे त्याला कॅसिओच म्हणतात. शकूरभाईही तसंच म्हणतात. दुकानाला पाटी नाही. घराची पुढची खोली तेच दुकान. आत टेबल, टेबलावर डाख द्यायची सळई, आणि चारी भिंतींना उघडून ठेवलेली यंत्रं. मी त्यांच्यापासून तीन घरं सोडून राहते. त्यांचा मुलगा आसिफ माझ्या वर्गात होता, तेव्हापासून त्या घरात मला ‘बाई’ म्हणतात.

शकूरभाई नुसती दुरुस्ती करत नाहीत. पलीकडच्या खेड्यातले पंजाबराव यांचं बँड पथक आहे. त्यांच्या कॅसिओला शकूरभाईंनी एका मोडीत निघालेल्या मोपेडची मूठ बसवून दिली. पट्टी दाबायची आणि मूठ पिळायची, म्हणजे सूर ओढला जातो, थेट लग्नातल्या क्लॅरोनेटसारखा. एका पथकाला शिवणयंत्राच्या पायट्यावर चालणारा ढोल करून दिला. आणि सॅम्पलर नावाचं एक यंत्र असतं. त्यात जो आवाज भरून ठेवाल, तो हात मारला की बाहेर येतो. बाहेरगावाहून येणाऱ्या यंत्रांत ढोल असतो, पण आमचं डफडं नसतं. शकूरभाईंनी भागवत डफडेवाल्याला बाजार समितीच्या रिकाम्या शेडमध्ये नेलं, तुराट्या पेटवून डफडं तापवू दिलं आणि दुपारपर्यंत हाताची एकेक थाप, बारीक काडीचा एकेक फटका भरून घेतला. आज तीन तालुक्यांच्या वरातींत भागवतचंच डफडं वाजतं. भागवत घरी जेवत असला तरी.

“माह्या हाताले विश्रांती नाही न् मानधनबी नाही,” असं तो म्हणतो, पण सांगताना छाती फुगलेली असते.

हे सगळं शकूरभाई कानावर करतात. बंद यंत्राला कान लावून आत कुठला भाग गेला ते सांगतात. कान लावताना डोळे मिटतात आणि तोंड किंचित उघडं ठेवतात. शाळेत प्रार्थनेचा भोंगा कुरकुरायचा तेव्हा मी त्यांना प्रथम बोलावलं होतं. त्यांनी फाटकातूनच सांगितलं, “बाई, वायर नाही, भोंग्याचा कागद फाटला हाय.” खोलून पाहिलं तर तसंच निघालं. त्यांच्या त्या कानाचा गावाला अभिमान होता, आणि त्यांनाही. अभिमान उघड दाखवत नसत, पण होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक नवा डबा बनवला. वरातीत कॅसिओ चालतो गाडीच्या बॅटरीवर. बॅटरीचा करंट त्याला सोसेल इतका कमी करून द्यावा लागतो. आधी ते त्यासाठी विटेएवढं जड यंत्र बनवत, आणि ते तव्यासारखं तापायचं. नवा डबा साबणाच्या डबीपेक्षा जरासा मोठा, हलका आणि थंडगार. पथकवाले खूश झाले. दोन हंगामांत तीसेक डबे गेले. पण शकूरभाईंचा एक नियम आहे: बनवलेला डबा तीन दिवस आणि तीन रात्री घरच्या फळीवर बॅटरीला जोडून चालू ठेवायचा. तिथं टिकला तरच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्यामुळे फळीवर कायम चार-सहा डबे बारीक लाल दिवे लावून बसलेले असत. ती फळी ज्या भिंतीला होती, तिच्या पलीकडे आसिफची खोली. भिंत वर पत्र्यापर्यंत पोचलेली नाही, हातभर जागा मोकळी आहे.

गेल्या हिवाळ्यात आसिफचं लग्न झालं. सून लोणारची. नाव उमैमा. बारावी झालेली, बोलायला नीटस, कामाला उरकती. तिच्या वडिलांची पिठाची चक्की आहे. आल्या आल्या तिनं माझ्याकडून वाचायला पुस्तकं न्यायला सुरुवात केली आणि वेळेवर परत आणून दिली. वेळेवर पुस्तक परत करणारं माणूस मला फार लवकर आवडतं.

महिन्याभरात तिचं डोकं दुखू लागलं.

आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नंतर ओढणी कपाळाला घट्ट बांधूनच ती घरात वावरू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, डोळे चांगले. रक्त तपासलं, रक्त चांगलं. सासूनं, अमीनाभाभींनी, मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकली. मग ती आठ दिवस माहेरी लोणारला गेली आणि ठणठणीत झाली. परत आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा ओढणी कपाळाला. असं दोनदा झालं. दोनदा झालं म्हटल्यावर गल्लीनं आपला निकाल लावून टाकला: पोरगी सासरी रमत नाही.

अमीनाभाभींना हे फार लागलं. त्या माझ्याकडे आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. घरात त्यांची बोली हिंदी, माझ्याशी मात्र इथली.

“बाई, मी तिले काही बोलत नाही. पोळ्या जळल्या तरी बोलत नाही. तिचा बाप येत्या इतवारी येऊन राह्यला. म्हणते, पोरीले घेऊन जातो, बरी वाटंल तवा पाठवतो. आता ‘बरी वाटंल तवा’ म्हणजे काय ते तुम्हीच सांगा.”

“आसिफ काय म्हणतो?”

“त्यानं सुलतानपूर रोडले खोली पाह्यली. वेगळं राहतो म्हणते. म्हणजे पोरगी गेली तं सून गेली, न् नाही गेली तं पोरगा गेला.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “तुम्ही इचारून पाहा. तुमच्याजवळ बोलंल ती.”

तो बुधवार होता. मी दुपारी गेले. शकूरभाई टेबलाशी होते, फळीवर सहा डबे होते. उमैमा आतल्या खोलीत लसूण सोलत बसली होती, कपाळाला ओढणी.

शाळेत इतकी वर्षं हजेरी घेतली की एक सवय लागते. कोणतं मूल गैरहजर आहे यापेक्षा ते कोणत्या वारी गैरहजर असतं हे आपोआप डोक्यात राहतं. बाजाराच्या दिवशी न येणारं मूल आजारी नसतं. मला आठवलं, आधीच्या आठवड्यात मी पुस्तक द्यायला आले होते, तेव्हा ही पोरगी भाकरी थापता थापता गुणगुणत होती आणि ओढणी खांद्यावर होती.

“उमैमा, त्या दिवशी दुखत नव्हतं ना?”

“नव्हतं, बाई.”

“आणि आज?”

“आज आहे.”

“त्या दिवशी काय वेगळं होतं?”

तिनं भिंतीकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि आवाज खाली आणला. “त्या दिवशी शिट्टी नव्हती ना.”

“कसली शिट्टी?”

आता ती माझ्याकडे आश्चर्यानं पाहायला लागली. “ही. आत्ता वाजतेय ती.”

मी कान दिला. पंखा चालला होता. बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं. बाकी काही नाही.

“बाई, तुम्हाला येत नाही ऐकू?”

“नाही गं.”

“कुकरची शिट्टी सुरू व्हायच्या आधी बारीक वाजते ना, तशी. पण थांबत नाही. लाईट गेली, पंखा बंद झाला, की जास्त येते. रात्री उशी कानावर घेते.” तिनं लसणाची एक पाकळी ताटलीत टाकली. “त्या दिवशी अब्बांनी सगळे डबे पंजाबरावांना देऊन टाकले होते.”

“अगं, मग इतके महिने बोलली का नाहीस?”

तिला प्रश्नच समजला नाही असं वाटलं. “मला वाटलं सगळ्यांनाच ऐकू येते. सगळे सोसतात. आमच्या घरी चक्की आहे, बाई. दिवसभर घरघर असते. आमच्याकडे कुणी चक्कीची तक्रार करतं का? तिच्यावरच घर चालतं. इथं अब्बांचं काम आहे, त्याचा आवाज आहे. नवीन आलेल्या सुनेनं कसं म्हणावं, तुमचं काम बंद करा म्हणून?”

चक्कीशेजारी झोपून वाढलेल्या मुलीला आवाजाचा त्रास होत असेल हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं, आणि जिला त्रास होत होता ती गप्प होती, तीही त्याच चक्कीमुळे.

मी पुढच्या खोलीत गेले आणि शकूरभाईंना सांगितलं. ते आधी हसले. मग सळई खाली ठेवली.

“माह्या डब्ब्यातून शिट्टी? बाई, चाळीस वर्षं झाली. यंत्र माह्याशी बोलते, तुमाले माहीत हाय. शिट्टी असती तं मले पहिले ऐकू आली असती.”

“मलाही नाही आली, शकूरभाई. म्हणूनच सांगते. आपलं वय बघा. वय झालं की बारीक आवाज आधी जातात.”

ही गोष्ट त्यांना आवडली नाही. ते शुक्रवारची नमाज होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. शुक्रवारी दुपारी मात्र स्वतःच निरोप पाठवला: या, पाहून घेऊ.

मी गेले तेव्हा पंजाबराव आधीच डबे न्यायला आलेले. साठी उलटलेले, मिशीला तेल लावणारे गृहस्थ. भोंग्यासमोर जन्म गेल्यामुळे ते घरातही वरातीत बोलल्यासारखे बोलतात.

“काय परीक्षा लावली म्हणे, शकूरभाई!”

“तुमी बी बसा. तुमचाबी कान पाहू.”

उमैमाला आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवलं. शकूरभाईंनी सहापैकी पाच डबे बंद केले. एकच ठेवला, त्याचं बटण आपल्या मुठीत झाकलं, लाल दिव्यावर चिंधी टाकली. ठरलं असं, की शिट्टी येत असेल तोवर तिनं हात वर ठेवायचा. मी दारात उभी राहिले, दोघं दिसतील अशी. आसिफ बापाच्या मागे.

शकूरभाईंचा अंगठा हलला. उमैमाचा हात वर गेला. अंगठा हलला. हात खाली आला. ते मध्येच खूप वेळ काहीच करेनात, हातही हलेना. मग पटकन दोनदा, हातही दोनदा. मी मोजत होते. बारा वेळा. एकदाही चूक नाही.

“आसिफ, तुले येते का?”

“नाही, अब्बा.” आसिफ शाळेत होता तेव्हापासून सुट्टीत पंजाबरावांच्या गाडीवर पॅड वाजवतो, भोंग्यांपासून दोन हातांवर बसून.

“पंजाबराव?”

“मले? मले तं माही बायकोबी ऐकू येत नाही.”

“ते तुम्ही ऐकत नाही, ते वेगळं,” मी म्हणाले.

पंजाबराव हसता हसता मध्येच गंभीर झाले. “थांबा थांबा. डब्बा घरी चालू केला का आमचं कुत्रं खाटेखालून उठते न् बाहेर जाऊन बसते. दोन वर्षं झाली. मले वाटे, त्याले माहं वाजवणं पसंत नाही.”

“तेबी असू शकते,” आतून अमीनाभाभी म्हणाल्या.

शकूरभाई हसले नाहीत. त्यांनी तो डबा उचलला आणि डाव्या कानाला लावला, मग उजव्या. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. बराच वेळ.

“चालू हाय, बेटी?”

“चालू आहे, अब्बा.”

त्यांनी बटण बंद केलं. सगळी खोली पहिल्यासारखीच होती, निदान आम्हाला. पण अमीनाभाभी डब्याकडे पाहत नव्हत्या, सुनेच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. तिचे खांदे खाली आले, तिनं कपाळावरची गाठ सोडली. भाभी उठल्या, तिच्या मागे जाऊन बसल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तशाच राहिल्या.

पंजाबराव डबे न नेता गेले. शनिवारी सकाळी दुकान उघडलं नव्हतं. मी डोकावले, तर शकूरभाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांना शेंगा फोडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“कानाचं वाईट वाटतं?” मी विचारलं.

“वाटते. खोटं कायले बोलू.” त्यांनी एक शेंग दाबली. “पण बाई, तीस डब्बे बाहेर हायेत. पथकवाले आमच्यासारखेच, बहिरे. पण त्याइच्या घरी लेकरं असतील. कोणाची सून असंल, डोकं बांधून बसली असंल. न् लोक म्हणत असतील, पोरगी रमत नाही.”

उमैमा दारात आली होती. तिनं ऐकलं होतं.

“अब्बा, ती शिट्टी बंद करता येते का?”

“येते. आतली कॉइल, तारेचं वेटोळं, थरथरते, ते तिचं बोलणं. मेणात बुडवून आवळली तं बंद होते. पण झाली का नाही, हे मले कसं समजंल?”

“मी आहे ना,” ती म्हणाली.

शकूरभाई शेंगांचं सुपडं माझ्या हातात देऊन आत गेले.

अमीनाभाभींचं चहाचं एक जुनं पातेलं त्या दिवशी कायमचं कामी आलं. मेणबत्त्या वितळवल्या, कॉइल सोडवून मेणात बुडवली, गार होऊ दिली, पुन्हा जोडली. टेबलाच्या एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला सून.

“आता?”

“आहे.”

पुन्हा उघडला. पुन्हा मेण.

“आता?”

“आहे. पण बारीक झाली.”

पुन्हा उघडला. एक तुकडा बदलला, दोरा गुंडाळला, मेण.

“आता?”

ती पुढे वाकली, डबा हातात घेतला, कानाशी नेला. “गेली.”

“पक्की गेली? का म्हातारा थकला म्हणून सांगून राह्यली?”

“अब्बा! गेली म्हणजे गेली.”

इतवारी तिचे वडील आले. कपड्यांवर पीठ नव्हतं, पण पापण्यांवर थोडं होतंच. येताना बहुधा मनाशी सगळं बोलणं जुळवून आले असावेत, कारण बसण्याआधीच त्यांनी सुरुवात केली, “भाईसाहेब, वाईट वाटून घेऊ नका…” आणि थांबले. लेक टेबलाशी बसली होती, डोक्याला काही बांधलेलं नव्हतं, आणि ती एक बोट वर करून बापालाच गप्प बसायची खूण करत होती. चौथा डबा तपासणं चाललं होतं.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी चहा बशीत ओतून फुंकला. “माही पोरगी चक्कीशेजारी निजली, न् तुमच्या साबणाच्या डब्बीनं हारली,” ते म्हणाले. मग लेकीला विचारलं, “येतेस का?”

“ईदच्या वेळी येते, अब्बू. अजून तीस डबे यायचे आहेत.”

पंजाबरावांनी पथकवाल्यांना फोन केले. डबे येऊ लागले. पिशवीतून, टिफिनमधून, एक तर शर्टाच्या खिशातून. शकूरभाईंनी कुणापासून काही लपवलं नाही. येईल त्याला सांगत, “माहा कान गेला, सुनेनं पकडलं.” पहिल्या दोघा-तिघांना सांगताना ते मान खाली घालून डब्याचे स्क्रू खोलत राहिले. पुढे त्यांनाच त्या वाक्याची गंमत वाटू लागली असावी.

एक गोष्ट त्यांनी मात्र मला एकटीला सांगितली. गेली काही वर्षं भागवतच्या डफड्याची काडी त्यांना मंद वाटे, म्हणून दर खेपेला ते सॅम्पलरमध्ये तिचा आवाज थोडा थोडा वाढवत गेले. उमैमानं ते ऐकून कानावर हात ठेवले. मग भागवतला बोलावलं, सून आणि भागवत दोघांनी मिळून काडी खाली आणली. भागवत म्हणाला, “आता माहं डफडं माह्यासारखं वाजून राह्यलं. मले वाटे, माहाच हात बिघडला.” म्हणजे तोही इतकी वर्षं गप्प बसला होता. शकूरभाईंच्या कानापुढे कोण बोलणार?

आसिफनं सुलतानपूर रोडची खोली सोडून दिली.

ईदला उमैमा लोणारला गेली, आठ दिवसांसाठी. गल्लीतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. फळीवर पाच नवे डबे लाल दिवे लावून उमैमाच्या कानाची वाट पाहत होते, पुढच्या आठवड्यात लग्नाच्या तिथी होत्या आणि पंजाबराव रोज येऊन ओट्यावर बसत.

“अहो, सून माहेरी गेली म्हणून वरात थांबते काय?”

“थांबते.”

“चार डब्बे तं द्या, तशेच.”

“तुमच्या कुत्र्याले इचारून सांगतो,” शकूरभाई म्हणाले.

आठव्या दिवशी ते चारदा ओट्यावर येऊन रस्त्याकडे पाहून गेले. पाणी पिण्याच्या निमित्तानं एकदा, थुंकण्याच्या निमित्तानं एकदा, दोनदा कसलंच निमित्त नव्हतं. लोणारची बस दुपारी येते. अमीनाभाभींनी सकाळीच गहू-मटणाचा खिचडा चढवला होता. मी तिथंच होते, एक पुस्तक परत यायचं होतं.

उमैमा आली. हातात पिशवी, पिशवीत वडिलांनी दिलेलं ज्वारीचं पीठ. सासूला सलाम केला. पिशवी अजून हातातच होती. मध्येच थांबली, फळीच्या दिशेनं मान किंचित कलती केली आणि तिथूनच म्हणाली,

“अब्बा, तिसरा.”

शकूरभाईंनी फळीवरून तिसरा डबा काढला, पातेल्याखाली गॅस पेटवला आणि तिच्यासाठी खुर्ची सरकवली.

“पहिले पानी तं पिऊ द्या पोरीले,” अमीनाभाभी ओरडल्या.